जीवशास्त्रातील पीएच.डी. : अर्ज कुठे, कसा आणि कोणाकडे

एम.एस्सी.चे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. या वेळी ठाणे, कळवा आणि नवी मुंबईच्या पट्ट्यातून आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालो, ६४ टक्के गुण आहेत. सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा जेआरएफ (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) थोडक्यात हुकली. रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळते आहे. वडील म्हणतात, हातची सोडू नकोस. जेआरएफ नसेल तर पीएच.डी.चा विचार सोडून द्यावा का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : विचार सोडू नका. जेआरएफ मिळणे म्हणजेच पीएच.डी.ला प्रवेश मिळणे, ही समजूत मात्र आधी सोडा. जेआरएफ ही पाठ्यवृत्ती आहे. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ पाठ्यवृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता, असे तिचे स्वरूप आहे. ती मिळालेल्या विद्यार्थ्याच्या मानधनाची तजवीज मार्गदर्शकाला करावी लागत नाही, म्हणून त्याला हवे तिथे जाणे सोपे पडते, इतकेच. प्रवेश शेवटी संस्थाच देते आणि तो मुलाखतीनंतरच देते.

आता तुमच्या हाती काय आहे ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ मिळते, दुसरा गट सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश या दोन्हींसाठी पात्र ठरतो, तर तिसरा केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील विद्यार्थ्यांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो, आणि ते गुण एक वर्षच ग्राह्य धरले जातात. ज्याची जेआरएफ थोडक्यात हुकली आहे तो बहुधा या दोनपैकी एका गटात असतो, पण 'लागली नाही' म्हणून गुणपत्रक कपाटात ठेवून देतो. तुम्ही ते आज काढून पाहा आणि वर्ष संपायला किती महिने उरले आहेत ते मोजा.

याखेरीज जेजीबिल्स ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडून (टीआयएफआर) घेतली जाणारी परीक्षा आहे. ती सहसा डिसेंबरमध्ये होते. बेंगळुरूचे एनसीबीएस हे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि कुलाब्यातील टीआयएफआरचा जीवशास्त्र विभाग तिच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतात. या परीक्षेत पाठांतराचा उपयोग कमी होतो. एखादा आलेख किंवा प्रयोगाचा निकाल समोर ठेवून त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे विचारण्यावर तिचा भर असतो. गेट या परीक्षेतील एक्सएल (जीवविज्ञान) किंवा बीटी (जैवतंत्रज्ञान) या विषयांचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात आणि आयआयटीसह अनेक ठिकाणी चालतात. जैवतंत्रज्ञान विभागाची बेट ही परीक्षाही आहेच. शिवाय तुमच्या घरापासून एका गाडीच्या अंतरावर, म्हणजे ठाण्याहून पनवेल गाडीने खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथली पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. पवईच्या आयआयटीत जीवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभाग आहे, परळला प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे. मुंबईतल्या मुलांना बेंगळुरू आणि हैदराबाद पाठ असते, पण खारघर आणि परळ नकाशावर शोधावे लागते, याचे मला वाईट वाटते. या सर्व संस्थांच्या जाहिराती वेगवेगळ्या महिन्यांत निघतात. एक वही करा, तीत प्रत्येक संस्थेला एक पान द्या आणि दर सोमवारी त्यांची संकेतस्थळे उघडून पाहायचा नेम ठेवा.

तिसऱ्यांदा नेटला बसणार असाल तर एक सांगते. २०० गुणांच्या पेपरात निम्मे म्हणजे १०० गुण तिसऱ्या भागाला आहेत. तिथे ७५ प्रश्नांपैकी २५ सोडवायचे असतात, प्रत्येकी चार गुण मिळतात आणि चुकले तर त्याच्या पाव हिश्श्याने गुण कापले जातात. जवळ येऊन हुकलेली जी मुले मी पाहिली, त्यांतील बहुतेकांनी तेराही घटक सारखेच वाचलेले होते आणि कोणताही एक घटक खोलवर वाचलेला नव्हता. ७५ प्रश्न देऊन २५ निवडायला सांगितले आहे, ते निवड करता यावी म्हणूनच. पाच-सहा घटक घट्ट करा, त्यांत प्रयोगतंत्रांचा शेवटचा घटक असू द्या आणि उरलेल्यांवरून नजर फिरवा.

नोकरीबद्दल वडिलांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. घराला पगाराची गरज असेल तर ती नोकरी घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) हाताळण्याची आणि नोंदी काटेकोर ठेवण्याची तिथे लागणारी सवय प्रयोगशाळेतही उपयोगी पडते. मात्र त्या नोकरीत प्रश्न दुसऱ्याचा आणि पद्धतही दुसऱ्याचीच असते, त्यामुळे 'हा मुलगा स्वतः विचार करतो' असे शिफारसपत्रात लिहू शकेल असा माणूस तिथे भेटणे कठीण असते. घर एक-दीड वर्ष थांबू शकत असेल तर एखाद्या संशोधन संस्थेत प्रकल्पावरची जागा शोधा. पगार कदाचित कमी असेल, मुदतही प्रकल्पापुरती असेल, पण तुमचे काम पाहिलेला एक शास्त्रज्ञ त्यातून मिळतो आणि अर्जात त्याच्या पत्राला फार वजन असते.

मुलाखतीची तयारी तुमच्या स्वतःच्या प्रबंधापासून करा. एका निवड समितीवर असताना पाहिलेला प्रसंग सांगते. उमेदवाराने एका वनस्पतीच्या पानांचा इथेनॉलमध्ये अर्क काढला होता, आगरच्या प्लेटमध्ये भोके पाडून तो त्यांत घातला होता आणि भोकांभोवती जिवाणू न वाढलेली वर्तुळे पट्टीने मोजली होती. समितीतल्या एकांनी विचारले, "जिवाणू पानांतल्या द्रव्याने मेले, इथेनॉलने नाही, हे कशावरून?" नुसते इथेनॉल घातलेले भोक त्या प्लेटमध्ये नव्हते. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, तो कंट्रोल मी लावला नव्हता. त्यामुळे माझ्या आकड्यांतला किती भाग इथेनॉलचा आहे हे मला सांगता येणार नाही. आज करायचे झाले तर अर्क आधी वाळवून दुसऱ्या द्रावकात घेईन आणि तो द्रावकही एका भोकात वेगळा लावीन." त्याची निवड झाली. त्याच दिवशी तशाच प्रश्नावर आणखी एका उमेदवाराने दहा मिनिटे वाद घातला. तिचे गुण या मुलापेक्षा पुष्कळ जास्त होते, पण तिची निवड झाली नाही.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. दोन महिन्यांत मी ५८ शास्त्रज्ञांना ईमेल पाठवले. एकाचेच उत्तर आले, तेही 'जागा नाही' एवढेच. ईमेलचा मजकूर सोबत पाठवला आहे. त्यात काय चुकले? शिवाय शिफारसपत्र मागितले की आमचे सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : तुमच्या ईमेलचा मराठीत सारांश काढला तर तो असा होतो : आदरणीय सर किंवा मॅडम, मला आपल्या नामवंत प्रयोगशाळेत काम करण्याची अतिशय इच्छा आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, सोबत माझी माहिती जोडली आहे, संधी द्यावी. यात खोटे काहीही नाही, पण हे पत्र ५८ पैकी कोणालाही पाठवता येते आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळते. 'सर किंवा मॅडम' या शब्दांवरूनच लक्षात येते की आपण कोणाला लिहीत आहोत, हेही पाठवणाऱ्याने पाहिलेले नाही.

५८ ऐवजी आठ जण निवडा. प्रत्येकाचा अलीकडचा एक शोधनिबंध शेवटपर्यंत वाचा, त्यातल्या आकृत्यांवर वेळ घाला आणि मग लिहा. समजा, एखाद्या प्रयोगशाळेने लोह कमी केल्यावर जिवाणूंचा बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणारा थर, पातळ होतो असे दाखवले आहे आणि तुमचा प्रबंधही बायोफिल्मवरच आहे. मग तुमचा परिच्छेद काहीसा असा असू शकतो : "आपल्या शोधनिबंधातील तिसऱ्या आकृतीत २४ तासांनंतरचे मोजमाप आहे. माझ्या प्रबंधात मी ४८ तासांपर्यंत मोजले, तेव्हा सुरुवातीचा फरक भरून निघालेला दिसला. लोहाच्या अभावामुळे बायोफिल्म बनतच नाही की केवळ उशिरा बनतो, असा प्रश्न मला पडला आहे." त्यापुढे दोन ओळींत तुम्हाला कोणती तंत्रे स्वतःच्या हाताने येतात, तुम्ही केव्हापासून मोकळ्या आहात आणि कोणती परीक्षा दिली आहे वा देणार आहात, ते लिहा. एवढे पुरे आहे. असे एक पत्र लिहायला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढे लागू द्यावेत.

अनेकींचा गोंधळ होतो म्हणून हेही स्पष्ट करते : टीआयएफआर, एनसीबीएस यांसारख्या संस्थांत निवड संस्था करते आणि मार्गदर्शक नंतर ठरतो, त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञाला ईमेल करून प्रवेश मिळत नाही. विद्यापीठे, प्रकल्पावरच्या जागा आणि उन्हाळी काम यांसाठी मात्र ईमेलला अर्थ आहे. तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देतात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असाल तर ती चुकवू नका.

शिफारसपत्राबद्दल : सरांच्या वतीने पत्र लिहू नका. आपणच आपल्याबद्दल लिहिलेली पत्रे ओळखू येतात, कारण त्यांत विशेषणे भरपूर असतात आणि प्रसंग एकही नसतो. त्याऐवजी एका पानावर वस्तुस्थिती लिहून सरांना द्या. त्यांच्या कोणत्या प्रात्यक्षिकाला तुम्ही काय केले, कोणता प्रयोग तीनदा फसला आणि चौथ्यांदा कशाने जमला, कोणत्या चर्चासत्रात बोललात, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. हे सगळे समोर आयते आले की पत्र त्यांचे ते लिहितात, असा माझा अनुभव आहे. पान अंतिम तारखेच्या निदान तीन आठवडे आधी द्या.

आणि होकार आला, तर लगेच हुरळून जाऊ नका. त्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शक समोर नसताना बोला. मागच्या तिघांना पीएच.डी.ला किती वर्षे लागली, मध्येच सोडून कोणी गेले का, पाठ्यवृत्ती वेळेवर जमा होते का, मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, हे विचारा. मी स्वतः हे विचारले नव्हते. ज्या प्रकल्पावर मी रुजू झाले त्याचा निधी आठ महिन्यांत संपणार आहे हे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होते, फक्त मी विचारले नाही म्हणून मला कोणी सांगितले नाही. विषय बदलून नव्याने सुरुवात करण्यात माझे एक वर्ष गेले. ते वर्ष आजही मला सलते.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर लग्न झाले, दोन मुले झाली. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आता पीएच.डी.साठी अर्ज केला तर हसतील का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : हसणाऱ्यांना अर्ज तपासायचा नसतो, तेव्हा त्यांचा विचार नको. पीएच.डी. प्रवेशाला वयाची अट नाही. वयाची मर्यादा असते ती जेआरएफसारख्या पाठ्यवृत्त्यांना, आणि तिथेही महिलांना सवलत असते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्के सूट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत आहे, आणखी दोन वर्षे वाढवून मिळू शकतात आणि महिलांना त्यावर पुन्हा दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. याच नियमांत अर्धवेळ पीएच.डी.लाही परवानगी आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.

नियम तुमच्या बाजूचे आहेत, खरी अडचण विषयाची आहे. ऊतिसंवर्धनाच्या बाटल्या किंवा पेशींच्या प्लेटा शाळेच्या वेळा पाळत नाहीत. अर्धवेळ काम करायचे असेल तर असा विषय घ्या ज्यात नमुने गोळा करणे आणि त्यांचा अभ्यास करणे यांत अंतर ठेवता येते, म्हणजे वनस्पतींचे वर्गीकरण, परागकण, कांदळवनांतील वनस्पती, किंवा संगणकावर करायचे जनुकांचे विश्लेषण. एखाद्या महाविद्यालयात विद्यापीठाची मान्यता असलेले संशोधन केंद्र असेल तर आधी तिथे चौकशी करा, कारण रोजचा प्रवास वाचला तर दिवसाचे दोन तास हाती येतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना महिलांसाठीच आहे, तिच्या पाठ्यवृत्त्यांची जाहिरात पाहत राहा. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात.

डॉ. कमल रणदिवे यांचे लग्न १९३९ मध्ये झाले. त्यांची एम.एस्सी. १९४३ ची आणि पीएच.डी. १९४९ ची. पुढे कर्करोगावरील संशोधनात त्यांनी मोठे नाव मिळवले आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. त्या संघटनेचे कार्यालय तुमच्यापासून चार स्थानकांच्या आत, वाशीला आहे. एक दिवस तिथे जाऊन या. तुमच्यासारख्या वाटेने गेलेल्या स्त्रिया तिथे भेटण्याची शक्यता बरीच आहे, आणि हा प्रश्न मला विचारण्यापेक्षा त्यांना विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. ओहोटीच्या वेळी ती ठाण्याच्या खाडीकाठी जाऊन चिखलातले किडे मोजत असते. तिला परदेशात पीएच.डी. करायची आहे. एका सल्लागाराने शुल्कासह एकूण खर्च ४० लाखांच्या घरात सांगितला. मी निवृत्तीचे पैसे मोडावेत का? (एक पालक, ठाणे पूर्व)

उत्तर : मोडू नका. जीवशास्त्रात स्वतःचे पैसे भरून पीएच.डी. करण्याची गरज नसते आणि मी तरी तसा सल्ला कोणाला देणार नाही. अमेरिकेतील चांगल्या विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शुल्क माफ असते आणि वर निर्वाहवेतन मिळते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला करारावर पगारी नेमतात. ब्रिटनमध्ये निधी आधीच मंजूर झालेले प्रकल्प जाहिरात देऊन भरले जातात, मात्र परदेशी विद्यार्थ्याचे संपूर्ण शुल्क त्यात धरले आहे की नाही हे पाहावे लागते. प्रवेश मिळाला पण निधी नाही, असे पत्र आले तर तो नकार समजावा. सल्लागाराने सांगितलेला आकडा बहुधा शुल्क भरून करायच्या एम.एस.चा असेल. ती वेगळी पदवी आहे.

तुम्हाला खर्च येईल तो अर्जांचा. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे अर्जाचे शुल्क घेतात, त्यात इंग्रजीच्या परीक्षेची भर पडते. म्हणून सहा-सात ठिकाणेच निवडावीत आणि शुल्कमाफी मिळते का ते आधी विचारावे. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता काढून टाकली आहे. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि विद्यार्थ्याने आपला होकार कळवण्याची सर्वसाधारण तारीख १५ एप्रिल असते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचे तर शिफारसपत्रांची बोलणी या गणपतीपर्यंत झालेली हवीत. परिसंस्थाशास्त्रात मात्र संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा असतो, अमेरिकेतसुद्धा. अर्जापूर्वी त्याच्याशी पत्रव्यवहार झालेला नसेल तर अर्जाचे शुल्क बहुधा वाया जाते.

आता त्या किड्यांविषयी, कारण तुमच्या पत्रात ते ओझरते आले आहेत आणि मला वाटते की तिच्या अर्जाचा खरा ऐवज तेच आहेत. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला सगळे जातात. पण खाडीचा चिखल चौकटीत मोजून घेणे, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून तो धुणे आणि चाळणीत उरलेल्या पॉलिकीट कृमींची जात सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे हे काम फार थोडे लोक करतात. तिच्या उद्देशपत्राची सुरुवात 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' या वाक्याने होऊ देऊ नका. तिने कोणत्या भरतीरेषेपासून किती मीटरवर चौकट टाकली, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर संख्येत काय फरक पडला, त्याचे कारण गोडे पाणी की सांडपाणी हे तिच्या मोजणीतून का ठरवता आले नाही आणि ते ठरवायला आणखी काय मोजावे लागेल, इथून ते सुरू व्हावे. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी तिथे बोलता येते, आणि नमुने घेण्याची लेखी परवानगी नसेल तर ती त्यांच्याकडून आधी घ्यावी, कारण खाडीचा मोठा भाग अभयारण्य आहे आणि परवानगीशिवाय गोळा केलेली माहिती पुढे कोणत्याही नियतकालिकात छापताना अडचण येते.

भारतातले अर्जही तिने सोबत करावेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिसंस्थाविज्ञान केंद्र आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था ही दोन नावे तिला बहुधा माहीत असतीलच. गेटमध्ये परिसंस्था आणि उत्क्रांती हा स्वतंत्र विषय आहे, त्याचे कोड ईवाय. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि नोंदणी काही महिने आधीच बंद होते, म्हणून परदेशी अर्जांची वाट न पाहता तिने ती नोंदणी आधी करून टाकावी.